एक किलोमीटर रस्ता खातो तरी किती?

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

भाताची सोंगणी झाली, झोडणी चालू आहे. खळ्यावरच रेडिओ लावून ऐकत असाल तरी चालेल, हात चालू द्या, कान इकडे द्या. आज बचतीचं आणि कर्जाच्या हप्त्याचं काही बोलणार नाही. आज रस्त्याबद्दल बोलायचंय. दिवाळी झाली की आपल्या इगतपुरीत रस्त्यांची कामं निघतात, म्हणून ही वेळ बरी आहे.

सुरुवात झाली भांडणापासून. आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत पाड्यावरच्या बायकांनी विषय काढला की वरचा रस्ता पुन्हा डांबरी करून मागायचा. कारण सगळ्यांना माहीत होतं. पावसाळ्यात एका सुनेला कळा सुरू झाल्या, गाडी वर येईना, शेवटी झोळीत घालून तिला खाली आणावं लागलं. आणि रस्ता नव्हता असं नाही बरं. तीन वर्षांपूर्वीच त्याच्यावर डांबर पडलं होतं. पहिला पावसाळा कसाबसा निघाला, दुसऱ्यात खडी वर आली, आता नुसते खड्डे आहेत.

तेवढ्यात खालच्या वस्तीतली एक ताई उठली. ही वस्ती खडीच्या खाणीला लागून आहे. ती म्हणाली, "तुमचा रस्ता झाला की आमची टेकडी आणखी कमी होते. सुरुंग लागला की मांडणीवरची भांडी वाजतात. भिंतीला भेगा गेल्यात. धुण्यावर धूळ, भातावर धूळ. तुमच्या रस्त्यासाठी आम्ही किती सोसायचं?" मग दोन्हीकडून आवाज चढला. मी समन्वयक, मधे बसलेली, आणि मला दोन्ही बाजू खऱ्या वाटत होत्या.

भांडण थांबवलं ते एका म्हाताऱ्या मावशींनी. त्यांनी विचारलं, "अगं, एक किलोमीटर रस्ता खातो तरी किती? कुणी मोजलंय का?"

कुणी मोजलं नव्हतं. गावात सगळे रस्त्याचे पैसे मोजतात. इतके लाख आले, इतके लाख खाल्ले. पण दगड किती गेला, पाणी किती गेलं, डांबर आणि डिझेल किती गेलं, हे कुणी विचारत नाही. मी इंजिनिअर नाही, बीए झालेय. पण गुणाकार-भागाकार येतो. ग्रामपंचायतीतून जुन्या कामाचं अंदाजपत्रक मागून घेतलं, आणि गावातले एक निवृत्त मैलकुली काका मदतीला घेतले. त्यांचं उभं आयुष्य रस्त्यावर गेलेलं. आम्ही सात-आठ जणी आणि काका, शाळेच्या व्हरांड्यात खडू घेऊन बसलो. तो हिशेब तुम्हाला सांगते. तुमच्या गावाचे आकडे थोडे वेगळे येतील, पण पद्धत हीच.

गावाकडचा रस्ता बहुतेक ३.७५ मीटर रुंद असतो. एक किलोमीटर म्हणजे हजार मीटर. म्हणजे ३,७५० चौरस मीटर जागा झाली. डोळ्यांना काळं डांबर दिसतं, पण ते वरचं पातळ पांघरूण आहे, जेमतेम दोन सेंटिमीटरचं. खरा रस्ता त्याच्या खाली असतो. आमच्या रस्त्यात खाली मुरूम-खडीचा १५ सेंटिमीटरचा थर, त्याच्यावर साडेसात-साडेसात सेंटिमीटरचे खडीचे दोन थर. सगळे मिळून ३० सेंटिमीटर, म्हणजे एक फूट. आता गुणाकार करा. ३,७५० गुणिले ०.३०, उत्तर १,१२५ घनमीटर.

घनमीटर म्हटलं की आमच्या बायका गप्प झाल्या. मग काका म्हणाले, ब्रासमध्ये सांग. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. भागाकार केला तर ४०० ब्रासच्या आसपास येतं. पण हा रोलरखाली दबलेला माल. रोलर फिरायच्या आधीची सैल खडी धरली तर ५०० ब्रास. ट्रॅक्टरच्या एका ट्रॉलीत साधारण एक ब्रास बसते. म्हणजे एका किलोमीटरला ५०० ट्रॉल्या. वजन दोन हजार टनांहून जास्त.

तरी मावशींचं समाधान होईना. "पण डोंगरात खड्डा केवढा पडला?" मग तोही हिशेब केला. आपला काळा पाषाण घट्ट, त्याचा एक घनमीटर पावणेतीन टनांच्या वर भरतो. तेवढी खडी काढायला अखंड खडक सातशे-साडेसातशे घनमीटर फोडावा लागतो. २५ फूट रुंद आणि ५० फूट खोल विहीर डोळ्यांसमोर आणा. एक किलोमीटर रस्ता म्हणजे डोंगरात खणलेली तशी एक विहीर, आणि तीही पाणी न लागणारी. हे ऐकल्यावर खालच्या वस्तीची ताई म्हणाली, "मग आमच्याकडे अशा किती विहिरी झाल्यात ते मोजूया." त्यावर कुणी हसलं नाही.

आता डांबराकडे येऊ. एक गोष्ट आधी सांगून टाकते. पूर्वी डांबर दगडी कोळशापासून निघायचं. आता रस्त्याला वापरतात ते खनिज तेलातून पेट्रोल-डिझेल काढून झाल्यावर तळाला जे उरतं, ते बिटुमेन. नाव मात्र जुनंच राहिलं. देशाला लागतं त्यातलं बरंचसं परदेशातून येतं. आमच्या रस्त्याला चौरस मीटरला सगळं मिळून दोन ते सव्वादोन किलो बसलं. म्हणजे किलोमीटरला आठ टन. दीडशे किलोचा ड्रम धरला तर पन्नासच्या वर ड्रम.

मोठ्या रस्त्याचं काय होतं, तेही बघितलं. तुम्हाला आठवत असेल, जून २०२२ मध्ये आपल्याच राज्यात अमरावती–अकोला महामार्गावर विक्रम झाला होता. ७५ किलोमीटरची एक पट्टी १०५ तास ३३ मिनिटांत डांबरी केली, गिनीज बुकात नोंद झाली. सगळीकडे कौतुक तासांचं झालं. मला त्या बातमीतले टन जास्त कामाचे वाटले. ३६,६३४ टन डांबरमिश्रित खडी आणि त्यात २,०७० टन डांबर. भागाकार केला तर शंभर किलो मिश्रणात साडेपाच किलोंच्या थोडं वर डांबर येतं, बाकी सगळा दगड. आणि एका पट्टीच्या एका किलोमीटरला साडेसत्तावीस टन डांबर. आमच्या गावच्या तिपटीहून जास्त, कारण तिथला थर जाड, तिथून अवजड ट्रक जातात. आणि हा फक्त वरचा थर बरं, खालचा दगड यात धरलेलाच नाही.

डांबर आणि खडी हॉटमिक्स प्लांटमध्ये दीडशे अंशांच्या वर तापवतात. एक टन मिश्रण तापवायला साधारण सहा ते आठ लिटर तेल जळतं. आमच्या रस्त्याला दीडशे टन मिश्रण लागलं, म्हणजे हजार-अकराशे लिटर. इथे आपल्या स्वयंपाकघरातली गोष्ट आहे बघा. ओल्या शेंगा भाजायला बसलं की जळण जास्त लागतं, कारण आधी पाणी उडतं आणि मग शेंग तापते. खडीचंही तसंच. खडीत शंभराला एक भाग ओल वाढली की टनामागे पाऊण लिटरच्या आसपास तेल जादा जातं. आपल्याकडे पाऊस उशिरापर्यंत रेंगाळतो, खडीचे ढीग उघड्यावर भिजत असतात. ढिगावर ताडपत्री टाकली तरी तेल वाचतं. इतकी साधी गोष्ट आहे, पण ती कुणी करताना मी अजून पाहिली नाही.

आता सगळ्यात अवघड मुद्दा, ज्यावर आमचं पुन्हा भांडण झालं. तो वाहतुकीचा. ५०० ब्रास खडी ५ ब्रासच्या हायवाने आणली तर १०० खेपा. क्रशर ३० किलोमीटर लांब असेल तर जाऊन-येऊन ६० किलोमीटर, शंभर खेपांचे सहा हजार किलोमीटर. हायवा लिटरला तीन-चार किलोमीटर जातो. म्हणजे दीड ते दोन हजार लिटर डिझेल. रस्ता तापवायला लागलं त्याहून जास्त तेल नुसता दगड वाहायला! क्रशर दहा किलोमीटरवर असेल तर हेच सहाशे लिटरच्या आसपास येतं.

म्हणजे खाण जितकी जवळ तितकं डिझेल कमी. पण खाण जवळ म्हणजे कुणाच्या जवळ? खालच्या वस्तीच्या. कागदावर वाचलेलं डिझेल त्यांच्या भिंतीच्या भेगेतून निघतं. मी हा आकडा फळ्यावर लिहिला तेव्हा पाड्यावरच्या बायकांच्या पहिल्यांदा लक्षात आलं की खालच्या वस्तीची कटकट ही कटकट नाही. शहाणी माणसं रस्त्याचा असा हिशेब करतात, त्याला जीवनचक्र मूल्यमापन म्हणतात. दगड खाणीतून निघाल्यापासून रस्ता उखडून टाकेपर्यंत काय काय खर्च झालं ते मोजायचं. त्याचे जगभर ठरलेले नियम आहेत. पण धूळ कुणाच्या ताटात पडली, हे त्या बेरजेत सहज निसटतं. तो रकाना आपणच घालायचा.

पाण्याचं तर विचारूच नका. खालचा थर दाबायला त्यात ओल लागते, वजनाच्या पाच-सहा टक्के. अकराशे टनांना ५५ ते ६५ हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे सहा-सात टँकर. वरच्या खडीवर मारायचं पाणी वेगळं. साठ हजार लिटर म्हणजे पंधरा लिटरचे चार हजार हंडे. काम कधी चालतं? एप्रिल-मे मध्ये. तेव्हा आपण कुठे असतो? हंडा घेऊन झऱ्यावर. भावली, दारणा, मुकणे, वैतरणा, एवढी धरणं आपल्या तालुक्यात, आणि मे महिन्यात आपल्या पाड्यावर टँकरची वाट बघायची. तोच टँकर आधी रस्त्यावर जातो. हेच काम डिसेंबर-जानेवारीत झालं तर ओढ्याला पाणी असतं आणि कुणाच्या हंड्यावर गदा येत नाही.

हे सगळं फळ्यावर आल्यावर एकीने विचारलं, "मग रस्ता मागायचाच नाही का?"

मागायचा. झोळीतून आणलेली ती पोर आमच्यातच बसली होती, मांडीवर बाळ घेऊन. तिच्यासमोर रस्ता नको म्हणायची कुणाची हिंमत होती? आणि म्हणावंही का? आपल्या उशाशी समृद्धी महामार्ग गेला. इगतपुरी ते आमणे हा त्याचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला, म्हणजे नेमका पर्यावरण दिनाला, आणि नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरची वाट पूर्ण झाली. तो बहुतेक सिमेंटचा आहे, त्याचा हिशेब वेगळा. सांगायचं एवढंच की त्यात गेलेल्या डोंगराबद्दल कुणी पाड्यावरच्या बाईला विचारलं नाही. मग एक किलोमीटरसाठी तिनेच का मन मारायचं?

आमच्या हिशेबातून निघालं ते वेगळंच. किलोमीटरला किती लागलं, एवढं विचारून पुरत नाही. किलोमीटरला किती लागलं आणि तो किती वर्षं टिकला, हे दोन्ही विचारायचं. आठ टन डांबर सहा वर्षं टिकलं तर वर्षाला सव्वा टनाच्या आसपास पडलं. तेच दोन पावसाळ्यांत गेलं तर वर्षाला चार टन. रस्ता उखडला तर दरवेळी खालचा सगळा दगड नव्याने टाकत नाहीत, हे खरं. पण खड्ड्यातून पाणी खाली उतरलं की खालची खडीही सुटते आणि पुन्हा ट्रॉल्या सुरू होतात. म्हणजे खालच्या वस्तीला सुरुंगाचा त्रास होतो तो रस्त्यामुळे जेवढा, त्याहून जास्त तोच तोच रस्ता पुन्हा करण्यामुळे. इथे दोन्ही बाजूंचं म्हणणं एक झालं.

मग रस्ता मरतो कशाने? काकांनी एका शब्दात सांगितलं, पाण्याने. इगतपुरीत वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आमच्या त्या एक किलोमीटर काळ्या पट्टीवर एका पावसाळ्यात एक कोटी लिटरहून जास्त पाणी नुसतं आभाळातून पडतं. डोंगरावरून वाहून येतं ते वेगळं. दगडाची डांबरापेक्षा पाण्याशी जास्त मैत्री. पाणी थांबलं की ते डांबराला दगडापासून सोडवतं, वरून चाक गेलं की खडी निघते. आमच्या रस्त्याला डोंगराच्या बाजूने गटारच नव्हतं. दोन ठिकाणी ओहोळ सरळ रस्त्यावरून वाहत होता, तिथे मोरी नव्हती. आणि डांबर टाकलं होतं मे महिन्याच्या अखेरीस, वळवाच्या सरी येऊन गेल्यावर, ओल्या खडीवर. ते टिकणार कसं?

म्हणून ग्रामसभेत आम्ही मागणी बदलली. आधी गटार आणि दोन मोऱ्या, मग डांबर. काम मार्चच्या आत. रस्त्याला मधे उंचवटा हवा, मधला भाग कडेपेक्षा साधारण तीन बोटं उंच, म्हणजे पाणी दोन्ही बाजूंना उतरतं. हे दोघी जणी दोरी ताणून बघू शकतात, त्याला मशीन लागत नाही. खडीचा थर पसरल्यावर कडेला टेप लावून जाडी बघता येते, पण डांबर पडायच्या आधी. नंतर सगळं झाकलं जातं. काम झालं की त्याची मापं मोजमाप पुस्तिकेत लिहितात, तिला सगळे एमबी म्हणतात. ती आणि अंदाजपत्रक माहितीच्या अधिकारात मागता येतं, हा कायदा २००५ पासून आहे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतला रस्ता असेल तर पाच वर्षं तो नीट ठेवायची जबाबदारी ठेकेदाराची असते. रस्त्याच्या तोंडाशी फलक असतो, त्यावर तारीख असते. तो फलक वाचा. आमच्याकडे त्याला शेळ्या बांधत होते.

ग्रामसभेत एकाने विचारलं, "बायकांना ब्रास काय कळतो?" मावशी म्हणाल्या, "घर बांधताना वाळू कोण मोजून घेतं, तू का?" विषय तिथे संपला.

पुष्कळ जणी प्लास्टिकच्या रस्त्याबद्दल विचारतात, म्हणून थोडक्यात सांगते. मदुराईचे प्राध्यापक वासुदेवन यांनी ही पद्धत काढली, २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पिशव्यांचे बारीक तुकडे तापलेल्या खडीवर टाकतात, ते वितळून दगडाला चिकटतात, मग डांबर. पाणी लवकर शिरत नाही, म्हणून आपल्या पावसात उपयोगी. डांबराच्या सहा-आठ टक्के प्लास्टिक जातं, म्हणजे आमच्या किलोमीटरला पाचशे-सहाशे किलो. गटांनी गोळा करायला चांगलं काम आहे, फक्त पाइप, रेक्झिन असलं पीव्हीसी त्यात नको, तापल्यावर त्याचा विषारी धूर होतो. पण मैत्रिणींनो, यात पाचशे किलो डांबर वाचतं, दोन हजार टन दगड तेवढाच राहतो. कुणी प्लास्टिकचा रस्ता म्हणून फोटो काढायला बोलावलं तर आधी गटार कुठे आहे ते विचारा. दुसरी एक बातमी मला जास्त आवडली. २१ डिसेंबर २०२४ ला नागपूरजवळ मनसर बायपासवर एक किलोमीटर रस्ता केला, त्यात डांबराचा काही भाग पिकांच्या काडीकचऱ्यातून काढलेल्या लिग्निनचा होता. आपण भाताचा पेंढा गुरांना घालतो, उरलेला पेटवतो. तो कधी रस्त्यात गेला तर बरंच होईल.

आता सध्या कुठवर आलंय ते सांगते. ठराव झाला, मोऱ्या आणि गटार अंदाजपत्रकात आलं. काम मार्चच्या आत होईल असं तोंडी कबूल केलंय, लेखी अजून नाही, त्यासाठी आम्ही पुढच्या आठवड्यात पुन्हा जाणार आहोत. मे महिन्यात गटार साफ करायचं काम ग्रामसंघाने अंगावर घेतलंय, पाड्यावरच्या दहा जणी आणि खालच्या वस्तीच्या दहा जणी, मिळून. खाणीचं मात्र सुटलेलं नाही. सुरुंगाची वेळ आधी कळवावी, क्रशरवर आणि रस्त्यावर पाणी मारावं, भेगा पडलेल्या घरांची पाहणी व्हावी, असा अर्ज खालच्या वस्तीने दिलाय. यावेळी त्यावर पाड्यावरच्या सगळ्या बायकांच्याही सह्या आहेत. उत्तर आलेलं नाही.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता आम्ही रस्ता मोजायला उभ्या राहणार आहोत, शाळेपासून वरच्या पाड्यापर्यंत. शेजारच्या गावांतल्या गटांनी यायचं असेल तर या. तीस मीटरचा टेप आमच्याकडे आहे, दोरी आणि वही तुमची आणा. मैलकुली काका येणार आहेत, पण उन्हाच्या आत घरी सोडा म्हणालेत.